दर तोच, फक्त घर वाढलं

घराचा ‘विथ मटेरियल’, म्हणजे सामानासकट बांधून देण्याचा, करार स्टॅम्पपेपरवर होतो, दर समजा १,८०० रुपये स्क्वेअर फूट ठरतो, पेढे वाटून होतात. प्लिंथपर्यंत, म्हणजे जोत्यापर्यंत, सगळं गोड असतं. मग स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी, सेंट्रिंग ठोकून झालेलं, मिक्सर सांगून ठेवलेला, अशा मुहूर्तावर ठेकेदाराचा फोन येतो : “साहेब, लोखंड वाढलंय. फुटाला दोनशे वाढवून द्या, परवडत नाही.”

अशा वेळी भांडू नये, कॅल्क्युलेटर काढावा. १,००० फुटांच्या साध्या घराला ढोबळ मानाने ४ टन लोखंड. किलोमागे ५ रुपये वाढले तर २०,०००. सिमेंट साधारण ४०० गोणी, गोणीमागे ३० वाढले तर १२,०००. म्हणजे फुटाला ३२ रुपये. उरलेले १६८ बहुधा फोनचे. शिवाय जागेवरचं लोखंड गेल्या महिन्यातच आलेलं असतं. पडल्या पडल्या त्याला गंज चढतो तसा भावही चढतो. वजनकाट्याची पावती मागावी. नसेल तर सळया मोजाव्यात : एमएममधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२ म्हणजे मीटरमागे किलो, म्हणून १२ एमएमची १२ मीटर सळई पावणेअकरा किलोच्या आसपास भरते.

अर्थात हुशार ठेकेदार दराला हातच लावत नाही. तो टेप काढतो. ८ खिडक्यांवर ५ फूट लांब, २ फूट पुढे आलेले छज्जे : ८० फूट. ते घराच्या मापात पूर्ण धरले तर १,८०० च्या दराने १,४४,००० रुपये. एवढ्या पैशांत खिडक्यांना जन्मभर छत्री धरून माणूस उभा करता येईल. छज्जा, बाल्कनी, जिना पूर्ण धरायचे की अर्धे, प्लिंथ २ फुटांच्या वर गेली तर काय, टाकी, सेप्टिक टँक, कंपाउंड कोणाच्या अंगावर, हे करारात नसेल तर ते सगळं ‘एक्स्ट्रा’.

भाववाढीचं कलमही घालावं : कराराच्या दिवशीचा लोखंड-सिमेंटचा भाव लिहायचा, फरक फक्त प्रत्यक्ष किलो आणि गोणींवर, आणि भाव उतरला तर तोही वजा. हे शेवटचं वाक्य वाचताना ठेकेदाराला हमखास दुसरा फोन येतो.

हप्ते झालेल्या कामाच्या मागे ठेवावेत, पुढे नाही. शेवटचे ५ टक्के पहिला पावसाळा उलटेपर्यंत द्यायचे नाहीत. मग जूनमध्ये आभाळाकडे तुमच्यापेक्षा तोच जास्त बघतो.