'चालत नाही' एवढं लिहा, पुरे!

लिनक्सवर आलात, बरं केलंत. आता इथे टिकायचं कसं, याचे काही सल्ले देतो. अनुभव ताजा आहे, मंगळवारचाच.

अडचण आली की शीर्षकात फक्त 'चालत नाही' लिहा. काय चालत नाही ते आम्ही ओळखतो. पुढे तीन उद्गारचिन्हं ठोका, म्हणजे बग घाबरून स्वतःच बाहेर येतो.

व्हर्जन विचारलं तर 'लेटेस्ट' म्हणा. लिनक्सच्या सावकाश बदलणाऱ्या डेबियन स्टेबल अवताराचं लेटेस्ट आणि सतत बदलणाऱ्या आर्च अवताराचं लेटेस्ट यांत कधीकधी दोन वर्षांचं अंतर असतं, पण तेवढं चालायचंच.

लॉग, म्हणजे मशीनने स्वतः लिहिलेल्या नोंदी, मागितला तर मोबाईलने स्क्रीनचा फोटो काढा. तिरका. एररची ओळ नेमकी चकाकीखाली यायला हवी. जर्नलसीटीएल या लॉग दाखवणाऱ्या कमांडला 'उणे बी उणे १' दिलं की मागच्या बूटचा अख्खा लॉग मिळतो आणि तो जसाच्या तसा चिकटवता येतो, पण त्यात कलाकुसर कुठे?

सापडलेली कमांड आधी सुडो लावून, म्हणजे मशीनचे सगळे अधिकार हाती देऊन, चालवा, मग वाचा.

परवानगी नाकारली? रूटपासून, म्हणजे सगळ्यात वरच्या फोल्डरपासून, खालपर्यंत सगळीकडे ७७७ लावा, म्हणजे सगळ्यांना सगळं मोकळं. सुडोला अधिकार देणारा सेटयूआयडी बिट उडतो, दूरच्या मशीनवर लॉगिन करून देणारं एसएसएच तुमची खासगी किल्ली उघड्यावर पाहून ती हातात घ्यायलाच नकार देतं, आणि मग तुम्हाला पुन्हा 'चालत नाही' लिहिता येतं.

योगदान द्यायचंय? ४००० ओळींचा एकच पॅच, म्हणजे कोडमधला बदल, पाठवा, संदेशात 'फिक्स'. जाता जाता सगळे टॅब काढून स्पेस घाला. किंवा चॅटबॉटकडून सुरक्षेचा अहवाल लिहून घ्या. त्यातलं फंक्शन आमच्या कोडमध्ये नाही, ही आमची चूक.

आणि सर्वांत महत्त्वाचं: अडचण सुटली तर कशी सुटली हे मेलात तरी सांगू नका. मी एक लहानसं पॅकेज सांभाळतो, रात्री जेवणं झाल्यावर, फुकट. एका गृहस्थांनी कळवलं, लॅपटॉप झोपेतून उठला की आवाज जातो. माझ्याकडे जात नव्हता. मी एक जुनं मशीन काढलं, त्यावर तो गेला, आणि बायसेक्टला, म्हणजे बदलांची यादी दर वेळी अर्धी करत दोषी बदल शोधायला, बसलो. १००० बदलांतला दोषी शोधायला साधारण १० बिल्ड लागतात, म्हणजे दहा वेळा प्रोग्राम नव्याने बांधून तपासायचा. माझे सात झाले होते. मध्येच त्यांचं आलं, "तीन दिवस झाले, प्रोजेक्ट जिवंत आहे का?" खाली चौघांचं "मलाही हेच". आणि मंगळवारी, "सुटलं. बंद करा." कसं सुटलं? विचारलं. उत्तर नाही. पुन्हा विचारलं. नाही. अरे, काय केलंत? कर्नल बदलला? सेटिंग बदललं? नवा लॅपटॉप घेतलात? माझ्या सात बिल्डांचं मी काय करू, लोणचं घालू?

आता सरळच बोलतो. २०२४च्या मार्चमध्ये अँड्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरना एसएसएच लॉगिन किंचित रेंगाळतंय असं जाणवलं. मोजलं, तर ०.२९९ सेकंदांचं ०.८०७ झालेलं. अर्धा सेकंद! 'स्लो झालंय!!!' लिहून ते मोकळे झाले नाहीत. खणत गेले, आणि एक्सझेड या फायली दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रामच्या ५.६.० आणि ५.६.१ या व्हर्जनांत लपवलेलं मागचं दार सापडलं. आकडे, लॉग, पायऱ्या, सगळं लिहून कळवलं. त्यांनी कळवलेल्याला बग कळवणं म्हणतात.

आणि ते दार बसवणारा आत कसा शिरला? एक्सझेड एकटा माणूस छंद म्हणून, बिनपैशाने सांभाळत होता. २०२२मध्ये त्याच्यामागे वेगवेगळ्या नावांनी टुमणं लागलं: इतका उशीर का, जमत नसेल तर दुसऱ्याला द्या. मदतीला धावून आलेल्याच्याच हाती शेवटी चाव्या गेल्या. ती टोचणी आणि तुमचं 'प्रोजेक्ट जिवंत आहे का' शेजारी ठेवून वाचा. मला फरक दिसत नाही. जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्यात कसलीही हमी नाही असं मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं. माझ्या रात्री तुमच्या नावावर केल्यात असं कुठेही छापलेलं नाही.

मंगळवारच्या गृहस्थांनो, तो बग मी बंद केलेला नाही. काय केलंत ते दोन ओळींत लिहा. चौघे जण वाट बघतायत, आणि माझे तीन बिल्ड बाकी आहेत.