‘जमीन विका नि फी भरा’ सांगणाऱ्या मेसेजबद्दल

बारावीचा निकाल लागला की कोकणातल्या वाडीवाडीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. बहुधा मुंबईचा कुणी चाकरमानी टाकतो, गावकरी हात जोडून पुढे ढकलतात. म्हणणं असं: ओपनवाल्याला सरकार छदामही देत नाही, शिष्यवृत्ती नव्वद टक्केवाल्यांची, बँक जमीन तारण घेतल्याशिवाय कर्ज देत नाही आणि पैसे आलेच तर कोर्स संपल्यावर. तेव्हा चार गुंठे विका नि मोकळे व्हा.

ओपनचं आधी. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती खुल्या प्रवर्गासाठीच आहे. कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल तर शिक्षण शुल्काचा निम्मा भार सरकार उचलतं. मुलींचं तर 2024-25 पासून आणखी सोपं झालं. त्याच उत्पन्नमर्यादेत ईडब्ल्यूएस (म्हणजे ओपनमधल्याच आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मेसेज मात्र जुनाच फिरतोय.

खरी मेख मेसेजमध्ये नाहीच. इंजिनीअरिंग, फार्मसीसारख्या कोर्सला प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला हवा. ‘मॅनेजमेंट कोट्यातून सीट करून देतो’ म्हणणाऱ्याच्या मागे गेलात की ही सवलत हातची गेली. एजंट हे कधी सांगत नाही.

टक्क्यांची बाब छोटी आहे. बारावीच्या गुणांवर मिळणारी केंद्राची शिष्यवृत्ती आहे खरी, पण पदवीला ती वर्षाला 12,000. फीचा मोठा भार हलका होतो तो उत्पन्नाच्या दाखल्यावर, गुणपत्रिकेवर नव्हे.

आता कर्ज, ज्याची आपल्याकडे सगळ्यात जास्त भीती. सरकारच कर्जाची हमी घेतं त्या पत हमी योजनेत साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँक ना तारण मागू शकते, ना तिसऱ्याची हमी. आई किंवा वडील सहकर्जदार म्हणून सही करतात, एवढंच. ‘व्याजाने बुडाल’ म्हणतात, तर हिशेब करू. चार वर्षांचा कोर्स, दरवर्षी 1 लाख उचल, दर समजा 10 टक्के. कोर्स आणि पुढचं एक वर्ष हप्ता नसतो, तोवर सरळ व्याज लागतं. पहिल्या वर्षी 10,000, मग 20, 30, 40 आणि पाचव्या वर्षी पुन्हा 40. एकूण 1 लाख 40 हजार. रक्कम लहान नाही, पण पहिल्या वर्षीचं व्याज महिन्याला साडेआठशेच्या आत आहे. तेवढं भरत गेलात तर डोंगर होत नाही.

शिष्यवृत्तीचे पैसे उशिरा येतात, हे मात्र खरं. वर्ष संपलं तरी हप्ता न आलेली मुलं गावोगाव सापडतील. पण सगळाच दोष सरकारचा नसतो. महाडीबीटीचे, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलचे पैसे आधारला जोडलेल्या खात्यात जातात, आणि अशा सरकारी पैशांसाठी आधार एका वेळी एकाच बँकेशी जोडलेलं असतं, शेवटी जिथे जोडलं तिथे. पोराने कॉलेजजवळ नवं खातं उघडून तिथे आधार जोडलं की पैसे तिकडे, आणि घरचे जुन्या पासबुकात शोधतायत! बँकेत मोबाइल नंबर दिला म्हणजे आधार जोडलं असंही नाही. शिवाय अर्ज दरवर्षी नव्याने भरावा लागतो, दुसऱ्या वर्षी तो राहूनच जातो.

राहिली जमीन. आपल्या सातबाऱ्यावर आजोबांच्या पिढीपासूनची डझनभर नावं. एक हिस्सेदार डोंबिवलीला, एक विरारला, एकाशी बोलणंच नाही. त्या सगळ्यांच्या सह्या होईपर्यंत फी भरायची मुदत कधीच उलटून जाते. शिवाय बाहेर राहून शिकणाऱ्यांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, तो अल्पभूधारकाच्या मुलालाही मिळतो. अल्पभूधारकाचा दाखला तहसीलमधून निघतो, आणि त्यासाठी हाच सातबारा लागतो.