आईचा न आलेला ठसका

आईचं वय ८१, बद्धकोष्ठाचा त्रास जुना. रात्री साडेनऊला झोपेची गोळी, दहाला ते पांढरं दाटसर पोट साफ व्हायचं औषध, दोन झाकणं, असं गेली कित्येक वर्षं चालू होतं. तोपर्यंत ती आडवी झालेली असायची, मी मान जराशी उचलून झाकण ओठाला लावायचो, ती डोळे मिटूनच गिळायची, की लाईट बंद करून मी मोकळा. वर चारचौघांत सांगायचो, आईचं औषध एक दिवस चुकवत नाही मी!

यंदा खोकला, बारीक ताप, जिना चढताना दम. अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले तरी एक्सरेतला उजवीकडचा डाग हलेना. शेवटी सीटी केला, तर छातीच्या डॉक्टर मॅडमचा पहिलाच प्रश्न, "पोट साफ व्हायला काय घेतात?" मी मनात म्हटलं, खोकला कुठे आणि पोट कुठे. बाटली आणायला लावली. मागे बारीक अक्षरात, लिक्विड पॅराफिन. म्हणजे चक्क पेट्रोलियमपासून काढलेलं तेल.

पाणी चुकून श्वासनलिकेत गेलं तर ठसका लागतो. हे तेल इतकं गुळगुळीत की घशाला पत्ताच लागत नाही, थोडं थोडं फुफ्फुसात उतरत राहतं, शरीराला ते पचवता येत नाही, साचतं आणि सूज येते. लिपॉइड न्यूमोनिया म्हणतात. जंतूच नाहीत तर अँटिबायोटिक मारणार कुणाला? त्यात झोपेच्या गोळीने गिळणं आणि खोकणं दोन्ही मंदावतं. म्हणजे मी रोज आधी राखणदाराला झोपवत होतो आणि मग दार उघडत होतो.

राग याचा येतो की हे काही नवीन नाही, १९२५ सालापासून डॉक्टरी जगाला माहितीये, झोपायच्या तोंडावर हे देऊ नये असं पुस्तकांत आहे. पण आमच्या कागदावर फक्त 'रात्री झोपताना' एवढंच, आणि मेडिकलवाला तर चिठ्ठीही न बघता बाटली देतो. (तान्ह्या बाळाच्या नाकात तेल सोडणाऱ्या मालिशवाल्या बाईंशी माझी भाची भांडली तेव्हा आम्ही तिलाच हसलो होतो. प्रकार तोच की!)

ते औषध बंद केलंय, बदली दुसरं दिलंय. झोपेची गोळी डॉक्टर हळूहळू कमी करतायत, ती एकदम आपल्या मनाने तोडायची नसते. आता सगळी औषधं संध्याकाळी सातला, खुर्चीत ताठ बसून, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. आई रोज वैतागते, "अरे सीरियल तरी लोळून बघू दे की मेल्या!"