नुसता फोटो म्हणजे नोंद नव्हे

दुर्मीळ पाणपक्षी दिसल्याची बातमी आली की हल्ली एक सल्ला हमखास फिरतो: 'फोटो हाच पुरावा. फोटो असेल तर नाव ॲप सांगतं, वेगळं काही लिहायला नको. फोटो नसेल तर नोंदच करू नका.' हेतू चांगला असेल, पण यातलं एकही विधान टिकत नाही, आणि अशा सल्ल्यापायी मोलाच्या नोंदी हातच्या जातात.

फोटो हाच पुरावा? एकदा उतरत्या उन्हात चिखलात चोच खुपसणारा पक्षी मी आशियाई डाउविचर हा दुर्मीळ पाणपक्षी ठरवला होता. सरळ, पूर्ण काळी, टोकाशी जराशी फुगीर चोच ही त्याची खूण. माझ्या सगळ्या फोटोंत चोच काळी आणि सरळच होती. पण पक्ष्याचं तोंड माझ्याकडे होतं, म्हणून चोचीचा वर वळलेला बाक दिसत नव्हता. उजेड त्याच्या मागून येत होता, त्यात बुडाशी असलेला गुलाबी रंग काळवंडून गेला होता. सोबतच्या मैत्रिणीने वहीत एवढंच टिपलं होतं: 'उडाला. शेपटीपासून पाठीत वर गेलेली पांढरी पाचर.' आशियाई डाउविचरच्या पाठीवर अशी स्वच्छ पाचर नसते, तिथे गडद पट्टे असतात. तो पट्टेरी शेपटीचा पाणटिवळा, म्हणजे तसाच लांब चोचीचा दुसरा पाणपक्षी होता. फोटोंनी फसवलं आणि वहीतल्या एका ओळीने सोडवलं. तेव्हापासून पक्षी उडेपर्यंत मी जागचा हलत नाही.

नाव ॲप सांगतं? ॲप सुचवतं, आणि तेही फोटोत आहे तेवढ्यावरूनच. बदकांच्या बाबतीत तर जास्तच जपायला हवं, कारण त्यांच्यात संकर होतात. शेंडी बदक आणि छोटी लालसरी यांचा संकरित नर लेसर स्कॉप या उत्तर अमेरिकी बदकासारखा दिसतो. युरोपातल्या पक्षीनिरीक्षकांना हा घोळ चांगला ठाऊक आहे. चोचीच्या टोकाचा काळा रंग तिथल्या कडक उंचवट्यापुरताच (त्याला 'नख' म्हणतात) आहे की आजूबाजूला पसरलेला, उघड्या पंखावरचा पट्टा कुठवर पांढरा आणि कुठून राखाडी, हे बघितल्याशिवाय निकाल देता येत नाही. पोहणाऱ्या बदकाच्या फोटोत पंखावरचा तो पट्टा बहुधा झाकलेलाच असतो.

फोटो असला की लिहायला नको, हे मला सगळ्यात घातक वाटतं. पक्षी कुठला हे कळलं तरी तो कुठे, कधी आणि कसा आला हा प्रश्न उरतोच. इंग्लंडमध्ये हेस्टिंग्जच्या आसपास 1892 ते 1930 या काळात दुर्मीळ पक्ष्यांची रीघ लागली होती. मेलेल्या पक्ष्यांची जतन केलेली कातडी प्रत्यक्ष हातात होती, ओळखही पटलेली होती. संशय होता तो ते पक्षी खरोखर तिथेच मिळाले का याचा. 1962 मध्ये या नोंदींची छाननी प्रसिद्ध झाली आणि 29 जाती-उपजाती ब्रिटनमध्ये आढळलेल्या पक्ष्यांच्या यादीतून वगळल्या गेल्या. आज कातड्याच्या जागी फोटो आला, प्रश्न तोच आहे. मँडरिन बदक दिसलं तर पायात कडं आहे का, पंखांची पिसं कापलेली आहेत का, माणूस जवळ गेल्यावर ते बुजतं का, हे लिहायलाच हवं. ते पिंजऱ्यातून सुटलेलं असू शकतं. मूळ फाइलही जपून ठेवा, कारण तारीख-वेळ तिच्यातच असते आणि कापून-उजळून पुढे पाठवलेल्या प्रतीत ती बऱ्याचदा उरत नाही.

आणि फोटो नसेल तर? ब्रिटनची दुर्मीळ नोंदी तपासणारी समिती 1959 पासून काम करते आहे, आणि सुरुवातीची कित्येक दशकं तिच्यापुढे मुख्यतः लेखी वर्णनंच येत होती. चांगलं वर्णन जागेवर, पुस्तक उघडण्याआधी लिहिलेलं असतं. शेजारच्या ओळखीच्या पक्ष्यापेक्षा किती मोठा, चोच डोक्याच्या कितीपट, पायांचा रंग (चिखल धुतल्यावरचा), उडताना पंख आणि शेपटी कशी, आवाज, अंतर, उजेड कुठून, किती वेळ दिसला. शिवाय त्याच्यासारखे दिसणारे कोणते पक्षी तुम्ही बाद केले आणि कशावरून. चित्र काढता येत नसलं तरी बाण मारलेली वेडीवाकडी आकृती काढाच. जे दिसलं नाही तिथे 'दिसलं नाही' असंच लिहा.