खुलासा : रनीमीड आणि राजा जॉनची ‘सही’

‘इंग्लंडच्या राजा जॉनने 1215 साली रनीमीडला मॅग्ना कार्टावर (राजाच्या सत्तेवर मर्यादा घालणाऱ्या सनदेवर) सही केली आणि नेमक्या त्याच जागी ब्रिटिश सरकारने स्मारक उभारले’ असा फोटोसकट मेसेज फिरतो आहे. गेल्या आठवड्यात मीही तो पुढे पाठवला होता. त्यातल्या तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

सही झालीच नव्हती. त्या काळी राजे सनदेवर मोहोर उमटवत. 1215 च्या चार मूळ प्रती आज शिल्लक आहेत : दोन ब्रिटिश लायब्ररीत, एक लिंकन कॅथेड्रलची, एक सॉल्झबरी कॅथेड्रलची. एकीवरही राजाची सही नाही. जागेबद्दल सनदेच्या शेवटी एवढेच आहे, की विंडसर आणि स्टेन्सच्या मधले रनीमीड नावाचे कुरण, तारीख 15 जून. थेम्सकाठच्या त्या विस्तीर्ण कुरणातली नेमकी जागा त्यावरून ठरवता येत नाही. आणि फोटोतले घुमटीसारखे स्मारक 1957 मध्ये अमेरिकन बार असोसिएशनने, म्हणजे अमेरिकेतल्या वकिलांच्या संघटनेने उभारले. तिथल्या शिलालेखातच तसे कोरले आहे.

आपल्याला जवळची गोष्ट मात्र मेसेजमधून राहूनच गेली. याच कुरणात 2015 साली ब्राँझच्या बारा खुर्च्या मांडल्या गेल्या. त्यांवरच्या कोरीवकामात कॉर्नेलिया सोराबजी आहेत, भारतातल्या पहिल्या महिला वकील, जन्म नाशिकचा.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्या ग्रुपवर टाकला असेल, तिथे हा खुलासा टाका.