कलम ४१

गेम क्रॅश झाला की आमच्या घरात निदान करणाऱ्यांना तोटा नसतो. आईच्या मते काँप्युटर दमलाय. बायको म्हणते, "माझ्या एक्सेलला बरं काही होत नाही!" चिरंजीवांचं म्हणणं एकच, "बाबा, नवीन ग्राफिक्स कार्ड घेऊ." आणि दुकानदार तर प्रश्न पुरता ऐकूनही घेत नाही. "सर, फॉरमॅट मारून टाकू."

आता क्रॅशक्रॅशमध्येही फरक असतो. गेम एकटाच गायब होऊन डेस्कटॉप दिसला, तर भानगड बहुधा गेमची, ड्रायव्हरची (म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची), नाहीतर रॅमची. स्क्रीन क्षणभर काळी होऊन परत आली, तर ग्राफिक्स कार्डाने दोन सेकंद ओ दिली नाही म्हणून विंडोजने ड्रायव्हरला उठवून पुन्हा बसवलेलं असतं. निळी स्क्रीन आली तर निदान कोड तरी मिळतो. माझ्या नशिबी यातलं काहीच नाही. ड्रॅगन समोर यायचा, आ वासायचा, आणि फट्! काँप्युटर त्याच्या पंख्यासकट बंद.

शेवटी विंडोजची रोजनिशी, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअर, उघडली. ठणठणीत काँप्युटरमध्येही तिथे लाल खुणांचा खच असतो. नवख्या माणसाने घाबरून मृत्युपत्रच करायला घ्यावं. क्रॅशची वेळ जुळवत खाली गेलो, तर सापडलं: कर्नेल-पॉवर, ४१. मजकूर काय, तर काँप्युटर नीट बंद न होता पुन्हा सुरू झाला. अहो, ते मी पाहिलंच की! हा तर पोलिसांचा पंचनामा झाला, मयत इसम मृतावस्थेत आढळून आला. तोही काँप्युटर पुन्हा चालू झाल्यावर लिहिलेला. पण तपशिलात डोकावलो, तर बगचेक कोडपुढे, म्हणजे निळ्या स्क्रीनवरच्या त्या कोडपुढे, शून्य. म्हणजे विंडोजला शेवटचं दोन शब्द बोलायलाही सवड मिळाली नव्हती. वीजच तुटली असणार.

संशय एसएमपीएसवर, म्हणजे काँप्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्यावर गेला. कार्डाचं तापमान सत्तरच्या घरात, म्हणजे त्याची तक्रार नव्हती. गेमचा फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं दाखवायची ते, ६० वर बांधून टाकला, तर तासभर काही झालं नाही. बंधन काढलं, फट्! कार्डावर भार आला की ते क्षणभर भलतीच वीज ओढतं, आणि म्हातारा एसएमपीएस तेवढ्यात हात वर करतो. एक्सेल कार्डावर फारसा भारच टाकत नाही, त्यामुळे बायकोचं कोष्टक सुखरूप. (हे तिला समजावून सांगितलं. "म्हणजे माझंच बरोबर," ती म्हणाली.)

नवा एसएमपीएस आला. फ्रेम रेट मोकळा सोडला. ड्रॅगनने आ वासला, आग ओकली, काँप्युटर ढिम्म! मी चेकाळलो. त्याची प्राणाची पट्टी नखाएवढी उरली, मी तलवार उगारली, आणि फट्!

या वेळी छताचा पंखाही थांबला. काळोखात हॉलमधून आईचा आवाज आला, "अरे मेल्या, काय दाबलंस? माझी मालिका गेली!"