पडद्यावर एक, कापडावर दुसरंच

काल रात्री साडेअकराला फ्लेक्सवाल्याचा फोन आला. "सावलीला काय केलाय ओ? विटा रचल्यागत दिसालंय." दहा बाय सहा फुटांचा फ्लेक्स, खानापूरकडच्या एका मामांच्या किराणा दुकानाचा. सकाळी सातला त्यांचा टेम्पो येणार. मी तसाच बेळगावच्या शहापुरातून गाडी काढली. जाऊन बघतो तर अक्षरं सुरीच्या पात्यासारखी धारदार, आणि प्रत्येक अक्षराखाली मऊ सावलीऐवजी तीन-तीन मिलिमीटरचे चौकोन, जिन्याच्या पायऱ्यांसारखे.

तिथंच डोकं फिरलं. कारण चूक कुठं झाली ते मला बघताक्षणी कळलं होतं, आणि ती चूक मला करायला लावलेली आहे.

मी इंकस्केप या फुकट मिळणाऱ्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. एक इंच म्हणजे एक फूट धरून दहा बाय सहा इंचांत डिझाइन करायचं, प्रेसमध्ये ते बारा पट मोठं होतं. पीडीएफला ब्लर, म्हणजे मऊ धूसरपणा, समजत नाही, म्हणून सावलीचं ठिपक्यांचं चित्र करूनच ती आत घालावी लागते. मान्य. पण किती ठिपक्यांचं? तो आकडा पीडीएफच्या वेगळ्या चौकटीत, आणि न विचारता तिथं ९६ भरलेला! ९६ भागिले १२, म्हणजे कापडावर इंचाला फक्त आठ ठिपके. तिथं ८६४ लिहायला हवं होतं, म्हणजे कापडावर इंचाला ७२ तरी आले असते. मी पीएनजी, म्हणजे साधं चित्र, काढताना डीपीआय (इंचाला ठिपके) वाढवला होता, त्याचा पीडीएफशी काही संबंध नाही. दोन खिडक्या, दोन आकडे, आणि एकीला दुसरीचा पत्ता नाही. पीडीएफ काढताना "या फाइलीत सावली आहे, ती इतक्या ठिपक्यांत जाईल" एवढी एक ओळ समोर आली असती तर ६० चौरस फूट कापड वाया गेलं नसतं. एक ओळ!

आणि त्या पांढऱ्या रेषा. मागे सूर्याची किरणं होती, भगवा-पिवळा, भगवा-पिवळा, एकमेकांना चिकटून. दोन आकारांची कड एकाच पिक्सेलवरून गेली की पहिला अर्धा पिक्सेल भरतो, दुसरा उरलेल्याचा अर्धा. झाले पाऊणच. उरलेल्या पावातून मागचा पांढरा रंग डोकावतो. उपाय काय, तर प्रत्येक किरण शेजारच्याखाली थोडा सरकवायचा. बत्तीस किरणं, दर डिझाइनला, हाताने. कड मऊ करायच्या पद्धतीतला हा दोष आहे हे मलाही कळतं. पण वर्षानुवर्षं तो आमच्याच बोटांनी का निस्तरायचा?

रंगाचं तर बोलूच नका. पडद्यावर झळझळीत भगवा, कापडावर विटका. पीडीएफ निघते आरजीबीत (पडद्याचे लाल-हिरवा-निळा), मशीन छापतं सीएमवायकेत (छपाईच्या चार शाया), रूपांतर प्रेसवाल्याच्या मर्जीवर. काळ्याचं त्याहून वाईट. ऑफसेटला पत्रक दिलं की साधा काळा चार शाईंचा होतो. प्लेट केसभर हलली की बारीक अक्षरांना रंगीत झालर. इंकस्केपची १.४ आवृत्ती ऑक्टोबर २०२४ मध्ये आली, तिच्यातूनही सीएमवायके पीडीएफ निघत नाही. स्क्रायबस या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमधून काढा म्हणतात. तिकडं एसव्हीजी, म्हणजे इंकस्केपची मूळ फाइल, नेली की ब्लर गळतो!

त्यात आमच्याकडं पाटी एका लिपीची नसते. कर्नाटकच्या नियमानं पाटीवर ६० टक्के कन्नड लागतं, म्हणून वर कन्नड, खाली मराठी, कोपऱ्यात इंग्रजी. प्रेसच्या कॉम्प्युटरवर आमचे फॉन्ट नसतात, म्हणून सगळी अक्षरं पाथमध्ये, म्हणजे नुसत्या आकारांत, बदलून द्यायची. मग कन्नडातला एखादा ओत्तक्षर (जोडाक्षरातलं खाली लागणारं अक्षर) चुकलेला शेजारच्या दुकानदाराने दाखवला की मूळ फाइल उघडा, दुरुस्त करा, परत पाथ, परत एक्स्पोर्ट. दर वेळी.

कुणी म्हणेल फुकटचं आहे, गप्प वापर. नाही बसणार गप्प. चोरीचं कोरल (विकतचं डिझाइन सॉफ्टवेअर) लावायचं नाही म्हणून मी हे धरलं, बारा वर्षं पोट यावरच चालवलं, दोन पोरांना शिकवलं. २००३ पासून जगभरची माणसं पगाराशिवाय यावर राबतात, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. म्हणूनच सांगतोय: नवे इफेक्ट, नवे ब्रश थोडे थांबू देत. आधी जे पडद्यावर दिसतं ते फाइलीत उतरू दे. आमच्या धंद्यात गिऱ्हाईक पडदा विकत घेत नाही, कापड घेतं.

रात्री दीडला सावली काढून टाकली आणि पुन्हा छापून घेतलं, पैसे माझ्या खिशातले. सातला मामा आले. फ्लेक्स उलगडला, बराच वेळ बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "परवा दाखवलेलात तो असा नव्हता की ओ."